हुंडी, पेठ आणि ब्लॉकचेन

उल्हासनगर म्हटलं की आमच्या कल्याण-बदलापूर लाइनवरच्या माणसाला आधी 'मेड इन यूएसए'चा जोक आठवतो. (उल्हासनगर सिंधी असोसिएशन, माहीत नसलेल्यांसाठी!) असो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत जागा मिळाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ला राजाजींनी तिचं नाव उल्हासनगर ठेवलं. कॅम्प नंबर १ ते ५ हे पत्ते अजून तसेच आहेत.

सिंधमधल्या शिकारपूरच्या सराफांची हुंडी एकोणिसाव्या शतकात पार बुखाऱ्यापर्यंत वटायची. एकाच कागदावर दोनदा पैसे उचलले तर काय, हा ब्लॉकचेनचा मूळ प्रश्न हुंडीवाल्यांनाही होताच. हुंडी हरवली तर 'पेठ' मिळे, तीही हरवली तर 'परपेठ'. एकीवर पैसे दिले की बाकीच्या बाद. वटलेली हुंडी म्हणजे 'खोका' (आजच्या खोक्यांशी संबंध लावू नये). शहाजोग हुंडीचे पैसे तर बाजारात पत असलेल्या 'शहा'लाच मिळत. हुंडी बनावट निघाली तर पैसे त्यानेच परत करायचे.

पण मुळात लोक फसवत का नसत? गेम थिअरीत याला पुन्हापुन्हा खेळला जाणारा डाव म्हणतात. अकराव्या शतकातल्या मगरिबी ज्यू व्यापाऱ्यांवर अवनर ग्राइफने हेच मांडलंय: आज मारलेल्या डल्ल्यापेक्षा उद्याचा बुडणारा धंदा मोठा. अट एकच, लबाडाला नवं नाव घेऊन परत येता कामा नये.

इंटरनेटवर नवं नाव फुकट मिळतं! म्हणून २००८ साली सातोशी नाकामोटोने नावाऐवजी वीज खर्च करायला लावली. इथेरियममध्ये सप्टेंबर २०२२पासून ३२ इथर अनामत ठेवावे लागायचे. दोन्हीकडे मत दिलं की त्यातले कापले जातात. थोडक्यात, पतीच्या जागी डिपॉझिट.

आता १९४७ बघा. घरं-दुकानं, म्हणजे डिपॉझिट, सिंधमध्येच राहिलं. पतीची वही लोकांच्या डोक्यात, आणि ती डोकीच विखुरली: कोणी कल्याणला, कोणी पिंपरीला, कोणी कोल्हापूरजवळ वळिवड्याला. ब्लॉकचेनची वही अशी फाटत नाही, हजारो कॉम्प्युटरवर तीच प्रत असते. हे मान्यच. पण रिकाम्या हाताने बराकीत उतरलेल्या माणसाला तिथे मत मिळालं नसतं. जुन्या बाजारातला एखादा ओळखीचा शहा भेटला, तर उधारीवर माल तरी मिळाला असता.