पन्हाळा ते विशाळगड : ज्याचा त्याचा वाटा

आपल्या सोसायटीत पन्हाळा-विशाळगड मोहिमेचा विषय निघाला की एक प्रश्न येतोच : "आजी-आजोबांचं आणि लहान मुलांचं काय?" त्याचं उत्तर या वाटेच्या इतिहासातच आहे.

१६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा होता. जुलैतल्या पावसाळी रात्री शिवाजी महाराज निवडक मावळ्यांनिशी गडाबाहेर पडले. त्या रात्री सगळ्यांनी एकच काम केलं नाही. परंपरा सांगते, की महाराजांचा वेश घेऊन शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसले. त्यांचा जीव गेला, पण वेळ मिळाला. भोई चिखल तुडवत धावले. बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळ्यांनी घोडखिंड लढवली. तीच आजची पावनखिंड. महाराज विशाळगडी पोचले ते या सगळ्यांच्या जोरावर.

साठेक किलोमीटरची ही वाट आज बरेच जण दोन-तीन दिवसांत चालतात. आपणही ताकदीप्रमाणे वाटण्या करू. सराव असलेल्यांनी पूर्ण वाट चालावी. नवख्यांनी पहिल्या दिवशी मसाई पठारापर्यंत चालावं, पुढे गाडी. गुडघे दुखणाऱ्यांनी गाडीनंच पांढरपाणीमार्गे खिंडीजवळ यावं. मुलं आणि ज्येष्ठ असतील तर तारीख पावसाळ्यानंतरची धरावी. प्रत्येक तुकडीत पुढे एक जाणकार, मागे एक. वेग मात्र सर्वांत हळू चालणाऱ्याचा.

खिंडीत सगळे भेटू आणि मुजरा एकत्रच करू.