खासगी शाळांतील २५ टक्के प्रवेश

विनाअनुदानित खासगी शाळांनी पहिलीच्या (शाळेला बालवर्ग जोडलेला असल्यास तिथल्या) पटाच्या किमान २५ टक्के जागा परिसरातील दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवावे, अशी तरतूद. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यातील कलम १२(१)(सी) हा तिचा आधार. अंमल १ एप्रिल २०१० पासून. पालक ज्याला ‘आरटीईचं अॅडमिशन’ म्हणतात ते हेच. चाळीस मुलांच्या वर्गात दहा मुले, एवढाच हिशेब. पण खासगी शाळेने कोणाला घ्यायचे हे सरकारने ठरवणे न्याय्य आहे का, हा वाद त्यातून उभा राहिला आणि अजून मिटलेला नाही.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) एका वस्तीतली सगळी मुले, मग ती कोणत्याही जातीची वा ऐपतीची असोत, एकाच शेजारच्या शाळेत शिकावीत, असे सुचवले होते. घडले उलटेच. ऐपत आली तशी घरे सरकारी शाळांतून बाहेर पडली आणि एका गल्लीतली मुले सकाळी दोन वेगळ्या दिशांना जाऊ लागली. आयोगाच्या त्या कल्पनेचा चौथा हिस्सा तरी या कलमाने परत आणला, म्हणून त्याची बाजू घ्यायला हवी.

न्यायालयीन वाट सरळ नव्हती. ‘पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (२००५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालयांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही, असे ठरवले. वर्षअखेरीस संसदेने ९३वी घटनादुरुस्ती मंजूर करून अनुच्छेद १५(५) आणला आणि खासगी संस्थांतील प्रवेशांसाठी विशेष तरतुदीला वाट करून दिली. पुढे राजस्थानातील विनाअनुदानित शाळांच्या संघटनेने आरटीई कायद्यालाच आव्हान दिले. १२ एप्रिल २०१२ रोजी तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी २५ टक्क्यांची तरतूद वैध ठरवली. न्या. के. एस. राधाकृष्णन यांचे मत वेगळे पडले: मुलांना शिकवणे हे राज्याचे कर्तव्य, ते विनाअनुदानित शाळांच्या गळ्यात घालता येत नाही; त्यांनी स्वखुशीने केले तरच. या आक्षेपात तथ्य आहे. मात्र कर आकारून सरकारी शाळा चांगल्या केल्या तरी दोन थरांतली मुले एका बाकावर बसत नाहीत, आणि हे कलम नेमके त्यासाठी आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या ‘प्रमती’ निकालाने (२०१४) अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा, अनुदानित असोत वा नसोत, या कायद्यातून पूर्णपणे वगळल्या. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या, सारखीच फी घेणाऱ्या दोन शाळांपैकी एकीला दहा मुले घ्यावी लागतात आणि दुसरीला एकही नाही. २०२५ मध्ये, महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने या सवलतीबद्दल शंका नोंदवून विषय मोठ्या पीठाकडे नेण्यास सांगितले.

निवड सोडतीने होते. मुलाची वा पालकांची मुलाखत, चाचणी घेण्यास कलम १३ ची मनाई आहे. सोडत म्हणजे नशिबाचा खेळ, अशी तक्रार ऐकू येते. पण सहा वर्षांच्या मुलाची ‘गुणवत्ता’ तपासायला बसले की घरात पुस्तके किती, आई इंग्रजी बोलते का, हेच तपासले जाते. या वयात चिठ्ठीइतकी निःपक्ष दुसरी रीत नाही.

पक्षपात शिरतो तो सोडतीच्या आधी, कागदांत. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग बालके वंचित गटात येतात. शाळा घरापासून किती अंतरावर हे नकाशावर घराची खूण करून ठरते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. चाळीतला घरमालक खोली देतो, भाडे रोख घेतो, पण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत यायला तयार नसतो. सोडतीत नंबर लागलेले मूल पडताळणी समितीसमोर अशा एका कागदावाचून बाद होते. ज्यांची बिऱ्हाडे सर्वांत अस्थिर, त्यांच्याकडेच पत्त्याचा सर्वांत पक्का पुरावा मागितला जातो.

सरकार शाळेला शुल्काची प्रतिपूर्ती करते: स्वतःचा दरडोई खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली कमी असेल ती रक्कम. राज्यात हा दर अनेक वर्षे १७,६७० रुपये राहिला. कोविडच्या २०२०-२१ साली ८,००० केला गेला. थकबाकी वर्षानुवर्षे साचते. मोठी संस्था ती सोसते, पण निमशहरी भागातली माफक फीची शाळा शिक्षकांचे पगार कुठून करायचे या विवंचनेत पडते. संस्थाचालकांची ही तक्रार रास्त आहे.

मात्र त्यावरचा राज्य शासनाचा उपाय रास्त नव्हता. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट दिली. शहरात अशी शाळा बहुधा असतेच, म्हणजे तरतूद जवळजवळ संपलीच. कर्नाटकाने २०१९ मध्ये हीच वाट धरली होती. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये अधिसूचनेला स्थगिती दिली, जुलैत ती रद्द केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा निर्णय कायम ठेवला.

अशा वर्गांत काय घडते, याचा नेटका अभ्यास दिल्लीतला आहे. सवलतीच्या सरकारी जमिनीवर उभ्या शाळांना २००७ पासून गरीब मुले घ्यावी लागली. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी तिथल्या सुखवस्तू मुलांना रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितले. बक्षीस पैशांचे, आणि जोडीदारासोबत नंतर वेळही घालवायचा. गरीब वर्गमित्रांबरोबर शिकलेली मुले वेगाने पळणाऱ्या गरीब मुलाला बाजूला सारत नव्हती. ती अधिक देती आणि समतेकडे झुकलेली निघाली. इंग्रजीचे गुण किंचित घसरले, वर्गात शिवराळपणा थोडा वाढला. गणित व हिंदीवर परिणाम दिसला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत भीतीपेक्षा आशेला जागा जास्त आहे.

केंद्राच्या २०१० च्या नियमांनुसार या मुलांचा वेगळा वर्ग वा वेगळी वेळ ठेवता येत नाही. पुस्तके, गणवेश, ग्रंथालय, खेळ यांतही भेद करता येत नाही. प्रत्यक्षात सहलीची वर्गणी, स्नेहसंमेलनाचा पोशाख, प्रकल्पाचे रंगीत कागद आणि स्कूलबस हा खर्च घरावर येतो. सहलीच्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून घरी राहिलेल्या मुलाची नोंद हजेरीपटात फक्त ‘गैरहजर’ एवढीच होते.

हक्क आठवीला संपतो. नववीत तेच मूल त्याच शाळेत बसायचे तर पूर्ण फी. वडील त्याच कामावर, उत्पन्नाचा दाखला जवळपास त्याच आकड्याचा. पण आठ वर्षे इंग्रजी माध्यमात काढल्यावर दुसरी शाळा शोधायची ती ऐन दहावीच्या तोंडावर. फी माफ करायची की नाही, हे तिथून पुढे शाळेच्या मर्जीवर राहते.