कमी पाण्यात फुलणारी कोरांटी: लागवड व निगा

उन्हाळ्यात बागेला पाणी पुरत नसेल, तर कोरांटी लावून पाहा. हे आपल्याकडचेच बहुवर्षायू, काटेरी झुडूप आहे. त्याला वज्रदंती असेही म्हणतात. पिवळी कोरांटी साधारण 1 ते 1.5 मीटर वाढते. पानांच्या बेचक्यात अणकुचीदार काटे असल्याने कुंपणालाही ती चांगली. पांढरी व जांभळी कोरांटी ही वेगळी जात असून तिच्या बेचक्यात असे काटे नसतात.

जमीन व जागा
हलकी, मुरमाड पण निचरा होणारी जमीन चालते. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून उंचवटा करून लावा. भरपूर ऊन मिळेल अशी जागा निवडा. सावलीत झाड वाढते, पण फुले कमी येतात.

लागवड
जून-जुलैमध्ये निरोगी फांदीचे 10 ते 15 सें.मी. लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे छाट घ्या. खालची पाने काढून ते वाळूमिश्रित मातीत लावा. मुळे फुटल्यावर रोपे जागेवर हलवा. कुंपणासाठी दोन झाडांत दीड फूट, एकेकटे झाड असल्यास अडीच ते तीन फूट अंतर ठेवा. खड्ड्यात कुजलेले शेणखत घाला.

पाणी
कमी पाण्यावर तग धरते म्हणून पहिल्या वर्षी पाणी तोडू नका. मुळे खोल जाईपर्यंत पावसाळा संपल्यावर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या आणि आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करा. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्या. रोज थोडे थोडे पाणी दिल्यास मुळे वरच राहतात व पहिल्याच ताणात झाड कोमेजते.

छाटणी
येथेच अनेकांचा बहर हुकतो. पावसाळा सरताना फांद्यांच्या शेंड्यांकडे कळ्या धरतात. दिवाळीच्या साफसफाईत कात्री चालवली, तर कळ्याच कापल्या जातात. हिवाळ्यातील बहर संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाड एक तृतीयांश छाटा. छाटताना जाड हातमोजे वापरा.

निगा
पिठ्या ढेकूण दिसल्यास प्रादुर्भावग्रस्त शेंडे काढून नष्ट करा व 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. पक्व बोंडे तडकून बी दूर उडते. झाडे नको तिथे उगवू नयेत म्हणून बोंडे वाळण्याआधी खुडा. बी हवे असल्यास काही बोंडांवर कापडी पिशवी बांधा.