चोक : गळा आवळणाऱ्या दांडीची कुळकथा

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे नगरजवळच्या भिंगारमध्ये पारा दहा अंशांच्या आसपास येतो, कधी त्याहूनही खाली. अशा सकाळी मागची मोटारसायकल काढायची म्हणून कोणी तरी कार फाटकातून वीस फूट पुढे घेतं आणि बंद करतं. दहा मिनिटांनी ती परत आत घ्यायला जावं, तर सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही. रात्रभर गारठ्यात उभी असलेली गाडी एका झटक्यात सुरू झाली होती; मग वीस फुटांत तिला काय झालं? मालकाचा संशय बॅटरीवर जातो. जुना मिस्त्री आधी वास घेतो. पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे प्लग भिजले.

हे दुखणं जवळजवळ मोटारीइतकंच जुनं म्हणता येईल, पण अगदी पहिल्या मोटारीला ते नव्हतं. 1886 साली कार्ल बेंझने पेटंट घेतलेल्या गाडीत हवा पेट्रोलच्या साठ्यावरून जायची आणि जाता जाता वाफ उचलून घ्यायची. इंजिनात पोहोचायची ती वाफच. 1893 साली विल्हेल्म मायबाखने बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर आणला, आणि त्याच वर्षी हंगेरीत बांकी आणि चोंका यांनीही तसाच घडवला. फवाऱ्याने इंजिनाची ताकद वाढली, वेग हवा तसा कमी-जास्त करता येऊ लागला. मात्र फवारा म्हणजे थेंब, आणि थेंबाची वाफ व्हायला ऊब लागते.

पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. त्यात हलके घटक असतात, जडही असतात. थंडीत हलके तेवढे उडतात. जड घटक नळीच्या आणि सिलिंडरच्या भिंतींवर तसेच ओले राहतात. गरम इंजिनाला एक किलो पेट्रोलमागे साधारण 14.7 किलो हवा पुरते. गार इंजिनाला पेटण्यापुरती वाफ मिळावी म्हणून त्याच्या कितीतरी पट पेट्रोल ओतावं लागतं. यावर तोडगा निघाला तो हवेच्या वाटेवर एक झडप बसवण्याचा. दांडी ओढली की झडप मिटते, हवा अडते, आतली ओढ वाढते आणि तोटीतून पेट्रोल जास्त येतं. हवेचा गळा आवळायचा, म्हणून इंग्रजीत त्याचं नाव चोक पडलं. मराठीने हा शब्द दोनदा घेतला : गटार ‘चोकअप’ होतं आणि गाडीला ‘चोक’ देतात.

पुढे नाव राहिलं, यंत्र बदललं. 1972 पासून आकुर्डीत तयार होऊ लागलेल्या बजाज चेतकच्या सीटखाली, पेट्रोलच्या कॉकशेजारी चोक असायचा. तो हवा अडवत नसे, पेट्रोलची आणखी एक वाट उघडत असे. तरी घरोघरी तो चोकच. चोक ओढूनही स्कूटर दाद देईना, की ती एका कुशीवर तिरकी करायची आणि मग किक मारायची. जावा-येझदीच्या कार्ब्युरेटरवर तर एक बटणच होतं. ते दाबून धरलं की पेट्रोल भरून वर यायचं आणि बोटं ओली व्हायची.

हे जास्तीचं पेट्रोल म्हणजे इंजिनाने घेतलेली उचल. गाडी पाच-सात किलोमीटर चालली की ती फिटते : भिंती तापतात, ओल उडून जाते, प्लगच्या टोकाची काजळी जळते. प्लग स्वतःला साफ करतो तो साधारण 450 अंशांच्या पुढे. वीस फुटांत तो तिथवर पोहोचणं शक्यच नाही. काजळीतून वीज वाहते. त्यामुळे विजेचा दाब टोकाच्या फटीत ठिणगी पाडण्याऐवजी चिनीमातीवरून निसटून जातो. वर ओलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन टाकतं आणि कॉम्प्रेशन पडतं. म्हणून अशा गाडीचा सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरल्यासारखा ऐकू येतो. जाणता कान इथेच ओळखतो. बॅटरी उतरली असती तर तो जड, रेंगाळत फिरला असता.

सेल्फचाही या दुखण्यात वाटा आहे. 1912 साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर आला. त्याआधी इंजिन हँडल मारून सुरू करावं लागे, आणि वीस फुटांसाठी ती मेहनत कोणी केली असती असं वाटत नाही. बटण आलं आणि गाडी क्षणभर सुरू करून बंद करणं सोपं झालं.

  डिझेल इंजिनाला मात्र ठिणगीचा प्लग नसतो, त्यामुळे प्लग भिजण्याचं हे दुखणंही त्याच्या वाट्याला येत नाही.

गॅरेजमधला उपाय जुना होता. प्लग पान्याने प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, पुसून कोरडा करून परत बसवायचा. ‘मायको’ हे प्लगवरचं नाव पाठ झालं ते असंच, हातात काळा प्लग धरून.

1 एप्रिल 2020 पासून धुराबाबतचे बीएस-6 नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींवरूनही चोकची खुंटी गेली. काम मात्र गेलेलं नाही. कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर संगणकाला गारठा कळवतो आणि संगणक इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. म्हणजे चोक ओढला जातोच, फक्त कोणाच्या हाताला तो जाणवत नाही. गार इंजिनाचा आवाज एवढा चढलाय तो त्यामुळेच, हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून गाडी लगेच बंद करण्याची चूक सहज होते.

प्लग भिजलेच, तर अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा आणि काही सेकंद सेल्फ मारावा. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्याने हवेची वाट पूर्ण उघडते. तिथे पाय वर-खाली करू नये, दर दाबाला पेट्रोलची नवी पिचकारी उडते. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत संगणक ही खूण ओळखतो आणि पेट्रोल थांबवतो. आत नुसती हवा खेळते, प्लग सुकतात. मग इंजिन खोकत, काळा धूर सोडत पकडतं. त्यानंतर लगेच किल्ली फिरवू नये. बऱ्याच गाड्यांच्या डॅशबोर्डवर गार इंजिनाचा निळा दिवा असतो. तो विझेपर्यंत गाडी भिंगारमधून एक फेरी मारून आणावी आणि मगच फाटकात घ्यावी.