जीवनसमाधान व भौतिक संपत्ती (छोट्या समाजांतील)

जीवनसमाधान म्हणजे माणसाने स्वतःच्या एकंदर जगण्याविषयी दिलेला कौल. तो बहुधा ० ते १० मधील एका अंकाने नोंदवतात. श्रीमंत देशांत हा अंक सरासरीने वरचा असल्यामुळे पैशाबरोबर समाधान वाढते असा समज रूढ झाला. परंतु २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, निसर्गावर व आपसांतील देवघेवीवर जगणाऱ्या १९ ठिकाणच्या छोट्या समाजांतील २,९६६ लोकांना हाच प्रश्न विचारला असता, रोख उत्पन्न तुटपुंजे असूनही सरासरी ६.८ आली आणि चार ठिकाणी ती ८ च्या वर गेली. एका ठिकाणी मात्र ती जेमतेम ५.१ होती, तेव्हा रोकड नसल्यानेच माणसे सुखी होतात, असेही म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात रोकडीवाचून चालणाऱ्या व्यवहाराचा परिचित नमुना म्हणजे बलुतेदारी, म्हणजे गावकीच्या कामाबद्दल पिकात मिळणारा वंशपरंपरागत वाटा. करमाळा तालुक्यातील केमसारख्या सोलापुरी गावांत ज्वारीची मळणी होऊन रास पडली की कुणबी ती घरी नेण्यापूर्वी खळ्यावरच सुतार-लोहारांचे बलुते घाली. हे सारे गुण्यागोविंदाने चाले, असे त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथातून मुळीच दिसत नाही. एका प्रचलित यादीप्रमाणे महार थोरल्या ओळीचा, म्हणजे मोठ्या वाट्याचा बलुतेदार. त्याची वस्ती मात्र गावकुसाबाहेर. अशा माणसाने सांगितलेला समाधानाचा अंक जपूनच वाचावा लागतो, कारण दीर्घकाळ वंचित राहिलेले लोक अपेक्षाच आखडत्या घेतात, हा अमर्त्य सेन यांचा आक्षेप येथे नेमका लागू पडतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी मांडलेल्या विधेयकात बलुत्याचे रूपांतर रोख करात करण्याची तरतूद होती. ज्या रोकडीचा अभाव पाहणीत निरुपद्रवी वाटतो, तीच येथे वेठीतून सुटण्याची वाट होती. कनिष्ठ ग्रामवतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. केम आज ओळखले जाते ते कुंकवासाठी, आणि तो माल खळ्यावर वाटायचा नसून बाजारात पैशाने विकायचा असतो.