हवामान बदलावर विद्यार्थ्यांचा माहितीपट: कसा करायचा, कसा तपासायचा?

शाळेच्या भूगोलात 'हवा' आणि 'हवामान' हे दोन वेगळे शब्द शिकवतात. हवा आजची; हवामान म्हणजे साधारण ३० वर्षांची सरासरी. विद्यार्थ्यांचे माहितीपट नेमके इथेच घसरतात. एका वादळाची दृश्यं दाखवली आणि 'हे हवामान बदलामुळे झालं' असं निवेदन जोडलं, की काम झालं असं वाटतं.

मोठेही यातून सुटलेले नाहीत. अल गोर यांच्या 'ॲन इन्कन्व्हिनियंट ट्रुथ' (२००६) या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. इंग्लंडमधल्या शाळांना तो पाठवण्यावरून खटला झाला. २००७ मध्ये न्यायाधीशांनी मूळ मांडणी ढोबळमानाने बरोबर ठरवली, पण नऊ मुद्द्यांवर बोट ठेवलं. कॅटरिना वादळ आणि किलिमांजारोवरचा वितळता बर्फ यांचं खापर थेट तापमानवाढीवर फोडण्याइतका पुरावा नव्हता. माहितीपट शाळेत दाखवता येईल, मात्र सोबत मार्गदर्शक टिपा हव्यात, असा निकाल लागला.

म्हणून विषय छोटा घ्यावा. 'पृथ्वीचं संकट' नको, आपल्या गावची विहीर चालेल. आजोबा म्हणतात, 'पूर्वी पाऊस वेळेवर यायचा.' ही आठवण जरूर घ्या, पण तिच्याशेजारी हवामान खात्याच्या पावसाच्या नोंदीही ठेवा. दोन्ही जुळल्या नाहीत तर तेही दाखवा. खरं तर माहितीपट तिथेच रंगतो. विहीर आटण्यामागे वाढलेला उपसाही असू शकतो. चित्रीकरणाआधी परवानगी घ्या आणि माइक वाऱ्यापासून जपा, कारण खराब आवाज प्रेक्षक सहन करत नाहीत.

गुण देताना शिक्षक बहुधा ड्रोनच्या दृश्यांवर भाळतात. त्याऐवजी निवेदनातलं प्रत्येक विधान थांबवून विचारावं: हे कुठून कळलं?