खिशातली कॅसेट

सेंट रोझ ऑफ लिमा या कॅथलिक शाळेचा एकेकाळचा विद्यार्थी ब्रूस स्प्रिंगस्टीन याने १९८२ च्या आरंभी न्यू जर्सीतील भाड्याच्या घरात, निजायच्या खोलीतच, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर गिटार व गळा मुद्रित केला. मायक्रोफोन दोनच! मिश्रण साध्या टेपरेकॉर्डरवर उतरवले. ती कॅसेट कित्येक दिवस वेष्टनाविना खिशात वागवली. पुढे स्टुडिओत वाद्यवृंदासह तीच गाणी गाऊन पाहिली. परंतु ती भावली नाहीत. त्यांतील खुनी, कर्जबाजारी माणसे जणू पापनिवेदनाला बसली आहेत. तेथे ढोल कशाला? अखेर कॅसेटवरूनच तबकडी करायचे ठरले. मूळ आवाज इतका क्षीण, की तबकडी कोरणारे हैराण झाले. सप्टेंबर १९८२ मध्ये ‘नेब्रास्का’ प्रसिद्ध झाली, खोलीतल्या खरखरीसकट.